बाबूराव शेडमाके आणि अहेरीची जमीनदारीण: १८५८ मधल्या एका अटकेचा अभ्यास

२९ एप्रिल १८५८ च्या रात्री प्राणहितेच्या काठी, चिंचगुंडीजवळ, तार खात्याच्या तीन गोऱ्या माणसांचा तळ पडला होता. गार्टलंड, हॉल आणि पीटर अशी त्यांची नावं. बंडवाल्यांची एक टोळी तळावर चालून आली. गार्टलंड आणि हॉल मारले गेले. पीटर अंधाराचा फायदा घेऊन निसटला आणि चांद्याचा (आजच्या चंद्रपूरचा) डेप्युटी कमिशनर कॅप्टन क्रिक्टन याला जाऊन मिळाला. तोवर सरकारदरबारी हे परगण्यातल्या लुटालुटीचं आणि चकमकींचं प्रकरण होतं. त्या रात्रीपासून ते गोऱ्यांच्या खुनाचं झालं. सहा महिन्यांच्या आत, २१ ऑक्टोबर १८५८ ला, चांद्याच्या तुरुंगात पंचवीस वर्षांच्या एका गोंड जमीनदाराला फाशी देण्यात आलं.

ते मोलमपल्लीचे बाबूराव पुल्लेसूरबापू शेडमाके. गडचिरोली आणि चंद्रपूर जिल्ह्यांत त्यांची ओळख करून द्यावी लागत नाही. चौकांना त्यांचं नाव आहे, पुतळे आहेत, १२ मार्च २००९ ला टपाल खात्यानं त्यांच्यावर तिकीट काढलं. वर्धा नदी ओलांडून पश्चिमेला गेलं की मात्र चांगले इतिहास शिकलेले लोकही 'कोण शेडमाके?' असं विचारतात. १८५७ म्हटलं की आपल्याकडे मेरठ, कानपूर, झाशी एवढंच डोळ्यांपुढे येतं आणि विदर्भ त्या वर्षी झोपला होता असा एक समज पक्का बसलेला आहे.

पण इथे मला त्यांची थोरवी गायची नाही. ते काम पोवाड्यांनी आणि जयंतीच्या भाषणांनी भरपूर केलं आहे. मला बघायची आहे ती अटक. मार्च आणि एप्रिल असे दोन महिने इंग्रजी फौज ज्यांच्या मागे लागूनही हात हलवत राहिली, ते बाबूराव सप्टेंबरात हाती कसे लागले? याचं तयार उत्तर सगळ्यांना पाठ आहे: अहेरीच्या लक्ष्मीबाईनं फितुरी केली. आलापल्लीकडच्या एका म्हाताऱ्यानं मला ते एका वाक्यात सांगितलं होतं, "बाईनं जेवाले बोलावलं अन् धरून देल्लं जी." उत्तर खोटं नाही. अपुरं आहे. बाईनं धरून दिलं हे खरं, पण बाईकडे ते काम गेलंच कसं आणि तिनं ते का केलं, हे विचारल्याशिवाय प्रकरण उलगडत नाही.

मुलूख आणि टाकोळी

वैनगंगा आणि वर्धा एकत्र येऊन प्राणहिता होते आणि ती खाली सिरोंचाजवळ गोदावरीला मिळते. पूर्वेला बस्तर, पश्चिमेला नदीपलीकडे निजामाचा मुलूख. मधला सगळा भाग सागवानाचा, बांबूचा आणि मोहाचा. आजच्या डांबरी रस्त्यानंही चंद्रपूरहून अहेरी शंभराहून जास्त किलोमीटर पडते. तेव्हा ही वाट बैलगाडीची, आणि पुढे तर पायवाटच.

इथे राज्यं बदलली ती बहुतेक चांद्याच्या परकोटाच्या आत. १७५१ मध्ये गोंड राजा नीळकंठशहा याला हटवून रघुजी भोसल्यांनी चांदा घेतलं. १८१८ मध्ये इंग्रजांनी चांद्याच्या किल्ल्याला वेढा घालून तो पाडला. जंगलातल्या जमीनदाराला या उलथापालथींची झळ फारशी लागली नाही. त्यानं ठरलेली टाकोळी भरायची, आपल्या हद्दीतल्या वाटा आणि घाट सांभाळायचे, चोरी-दरोडा झाला तर जाब द्यायचा. बदल्यात गावं, जंगल आणि रयत यांचा कारभार त्याचा तो बघे. टाकोळी नावालाच असायची. तिचा अर्थ पैशापेक्षा मान्यतेचा होता: तू वरचा, मी खालचा, आता माझ्या कारभारात डोकावू नको.

या जमीनदाऱ्यांत अहेरी सगळ्यात मोठी. आणि अहेरीच्या छत्राखाली काही लहान जमीनदाऱ्या होत्या, त्यांतली एक मोलमपल्ली. म्हणजे बाबूरावांच्या डोक्यावर इंग्रज येण्याच्या कितीतरी आधीपासून अहेरी होती. ही एक गोष्ट लक्षात ठेवा. सगळं प्रकरण तिच्यावरच फिरतं.

११ डिसेंबर १८५३ ला तिसरे रघुजी भोसले औरस मुलगा मागे न ठेवता वारले. डलहौसीनं वारस नाही असं म्हणत १८५४ मध्ये नागपूरचं राज्य खालसा केलं. त्याच वर्षी झाशीही गेली. भोसल्यांचे हत्ती, घोडे, जवाहीर लिलावात निघाले. चांद्याला इंग्रज डेप्युटी कमिशनर येऊन बसला आणि टाकोळीमागची ती जुनी समजूत विरायला लागली. नव्या सरकारला हद्दी, हक्क, दप्तर, कचेरी, पोलीस सगळं हवं होतं. कर किती वाढला यापेक्षा आपल्या अंगणात आता दुसऱ्या कुणाचा हुकूम चालणार, हे जमीनदारांना जास्त झोंबलं असावं, असा माझा अंदाज आहे.

माणूस

बाबूरावांचा जन्म १२ मार्च १८३३ चा, अहेरीजवळच्या किष्टापूरचा. वडील पुल्लेसूरबापू, आई जुर्जाकुंवर, पत्नी राजकुंवर. गोटुलात, म्हणजे गावातल्या तरुणांच्या सामाईक घरात, वाढले आणि इंग्रजी शिकायला रायपूरला गेले, अशी त्यांच्या चरित्राची सर्वपरिचित सुरुवात आहे. परतल्यावर त्यांनी गोंड आणि माडिया तरुण गोळा करून 'जंगोम दल' उभं केलं. त्यात पाचशेच्या आसपास माणसं होती असं सांगतात. शिवाय रोहिले होते. हे रोहिले म्हणजे निजामाच्या मुलखातून या भागात नोकरीसाठी फिरणारे शिपाईगडी. ते या प्रकरणात पुन्हा पुन्हा येतील आणि दोन्ही बाजूंनी येतील.

रायपूर हे नाव आलंच आहे तर तिकडची एक घटना इथेच ठेवतो. सोनाखानचे जमीनदार नारायणसिंह यांनी १८५६ च्या दुष्काळात एका व्यापाऱ्याचं कोठार फोडून धान्य रयतेत वाटलं. त्यांना पकडलं, १८५७ मध्ये ते रायपूरच्या तुरुंगातून पळाले, पुन्हा पकडले गेले आणि १० डिसेंबर १८५७ ला रायपुरात फाशी गेले. त्यानंतर तीनच महिन्यांनी बाबूरावांनी शस्त्र उचललं. या दोघांचा एकमेकांशी संबंध जोडण्याचा मोह होतो, मी तो जोडत नाही. पण नारायणसिंहांना पकडायला कॅप्टन स्मिथच्या मदतीला कोण धावलं होतं ते बघा: देवरीचा जमीनदार. शेजारचा, नात्यातला. अहेरीचं प्रकरण वाचताना हे नाव डोक्यात असू द्या.

नागपुरातही तेच. १३ जून १८५७ ला टाकळीच्या घोडदळाचा उठावाचा बेत फसला. त्या काळात भोसल्यांच्या घरातल्या वयोवृद्ध बांकाबाईंनी आपलं वजन इंग्रजांच्या पारड्यात टाकलं आणि जमीनदारांना, सरदारांना शांत राहायला सांगितलं. राज्य गेलं, दागिने लिलावात गेले, आणि तरीही! १८६० मध्ये दत्तक जानोजी भोसल्यांना 'देऊरचे राजाबहादूर' ही पदवी मिळाली, ती याच निष्ठेची पावती. बांकाबाईंना शिव्या घालणारे आजही भेटतात. त्यांच्या जागी बसून चार घटका विचार करणारे कमी.

मार्च ते एप्रिल

मार्च १८५८ मध्ये बाबूरावांनी वैनगंगेच्या पट्ट्यातल्या राजगड परगण्यावर हात टाकला. लवकरच अडपल्ली-घोटचे जमीनदार व्यंकटराव त्यांना येऊन मिळाले. ही जोड महत्त्वाची. मोलमपल्ली लहान, अडपल्ली-घोट चांगली साठ-सत्तर गावांची जमीनदारी. व्यंकटराव आल्यावर हे एका तापट तरुणाचं बंड राहिलं नाही.

क्रिक्टननं फौज धाडली. नांदगाव-घोसरीला गाठ पडली आणि बंडवाल्यांनी ती फौज परतवली. एप्रिलात सगणापूर आणि बामणपेठ इथे पुन्हा दोन चकमकी झाल्या आणि त्यांतही इंग्रजांच्या पदरात काही पडलं नाही. लोकांच्या तोंडी गढीसुर्ल्याचा पहाड जास्त आहे. वरून दगडधोंडे लोटून फौज कशी पळवली, ते मूल तालुक्यात आजही अंगात आल्यासारखं सांगतात.

हे दिवस होते मोहाचे. त्या जंगलात फाल्गुन-चैत्रात फिरलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. पहाटे तीन-चारला घरातली बायापोरं टोपल्या घेऊन झाडाखाली जातात, कारण उजाडल्यावर गुरं आणि अस्वलं फुलं खाऊन टाकतात. झाडाखालचा पालापाचोळा आधीच जाळून जागा साफ केलेली असते, त्या काळ्या जमिनीवर पिवळसर फुलं मोत्यासारखी पडलेली दिसतात. जंगलातल्या प्रत्येक वाटेवर त्या वेळी गावचं कुणी ना कुणी जागं असतं. अशा दिवसांत चांद्याहून निघालेली पलटण लपूनछपून कुठेही पोहोचणं अशक्य. सागाची पानं गळालेली, त्यामुळे लांबचं दिसतं, वाळल्या पाचोळ्यावर पाऊल वाजतं, आणि पाणी कुठल्या नाल्याच्या कुठल्या डोहात शिल्लक आहे हे गावकऱ्यालाच ठाऊक. बाबूरावांच्या विजयांचं श्रेय त्यांच्या धाडसाला आहेच. पण थोडं श्रेय या डोळ्यांना आणि कानांनाही द्यायला हवं, ज्यांची नावं कुठल्याच दप्तरात नाहीत.

चिंचगुंडीनं काय बदललं

इथवर क्रिक्टन हरत होता, पण त्याला तोटा मोठा नव्हता. उत्तरेत लखनौ मार्चमध्ये इंग्रजांनी परत घेतलं होतं, झाशी एप्रिलच्या सुरुवातीला पडली होती. चांद्याच्या जंगलातला एक परगणा काही दिवस हाताबाहेर गेला तर कलकत्त्याची झोप उडणार नव्हती.

तार खात्याची माणसं मेली आणि गोष्ट बदलली. तार ही त्या वर्षी इंग्रजांची नस होती. बंडाची बातमी पुढच्या छावणीला आधी मिळाली म्हणून कित्येक ठिकाणं वाचली होती. शिवाय मेलेले दोघं गोरे. कुणाला तरी फासावर चढवणं आता क्रिक्टनला भागच होतं.

आणि चिंचगुंडी अहेरीच्या हद्दीत. नदीकाठचा घाट अहेरीचा, वाट अहेरीची. जुन्या कायद्यानं, म्हणजे टाकोळीच्या त्या जुन्या बोलीनं, आपल्या हद्दीतल्या खुनाचा जाब अहेरीच्या जमीनदारानं द्यायचा. अहेरीच्या गादीवर तेव्हा लक्ष्मीबाई होत्या.

क्रिक्टननं पीटरलाच पत्र देऊन लक्ष्मीबाईंकडे पाठवलं. या निवडीची मला नेहमी गंमत वाटते. साधा सांडणीस्वार किंवा चपराशी धाडता आला असता. त्यानं पाठवला तो तळावरून जीव घेऊन पळालेला गोरा माणूस. बाईंच्या दारात हा माणूस उभा करणं हाच अर्धा निरोप होता. बाबूरावांना पकडून दिलं नाही तर तुमची जमीनदारी राहत नाही, हा उरलेला अर्धा.

अहेरीपुढचा पेच

आता इथे थांबू, कारण प्रकरणाचं मर्म इथे आहे.

वर्गात मी हा प्रसंग घेतो तेव्हा मुलं पहिल्या फटक्यात निकाल देतात: गद्दार. मग मी त्यांना म्हणतो, बरं, मे १८५८ आहे, तुम्ही अहेरीच्या गादीवर आहात, काय करता ते सांगा. वर्ग गप्प होतो. एखादी मुलगी हळूच म्हणते, "सर, दोन्हीकडून मरणच आहे."

बंडात उतरावं तर उत्तरेतल्या बातम्या चांगल्या नाहीत. चार वर्षांपूर्वी नागपूरसारखं राज्य इंग्रजांनी एका कागदानं गिळलं. तिथे अहेरीची काय कथा. नदीपलीकडे निजाम इंग्रजांच्या बाजूचा. तटस्थ राहावं तर खून आपल्या हद्दीतला, म्हणजे गप्प बसणं हाच गुन्हा. आणि तिसरी गोष्ट बोलली जात नाही ती अशी की बाबूराव अहेरीचे मांडलिक होते. आपल्या हाताखालचा एक लहान जमीनदार आपल्याला न विचारता युद्ध सुरू करतो, व्यंकटरावासारखा मोठा जमीनदार जोडीला घेतो, रयत त्याच्या नावानं उठते. हे जिंकले असते तर त्या मुलखात अहेरीचा वरचा मान उरला असता का? मला नाही वाटत. इंग्रजांशी त्यांचं भांडण होतं तसंच, नकळत का होईना, अहेरीच्या मोठेपणालाही त्यांनी आव्हान दिलं होतं.

क्रिक्टनला हे कळत होतं. फौजेनं जे जमलं नाही ते जमीनदारीच्या आतल्या उतरंडीकडून करून घ्यायचं, ही त्याची युक्ती. सोनाखानला देवरी, चांद्याला अहेरी. इंग्रजांनी इथे नवीन काही निर्माण केलं नाही. खालच्याचा जाब वरच्यानं द्यायचा, ही जुनीच रीत त्यांनी आपल्या कामाला जुंपली.

पण म्हणून लक्ष्मीबाईंना निर्दोष सोडायलाही मी तयार नाही. दडपण होतं हे खरं, बक्षीसही होतं. प्रकरण निवळल्यावर अडपल्ली आणि घोट जमीनदारीची ६७ गावं अहेरीला मिळाली. ही गावं व्यंकटरावांची होती. बाबूराव पडले, व्यंकटराव बुडाले आणि अहेरी वाढली. जीव वाचवायला केलेल्या तडजोडीत माणूस सहसा शेजाऱ्याची सदुसष्ट गावं घेऊन घरी येत नाही.

झाशीची लक्ष्मीबाई त्याच वर्षीच्या जूनमध्ये ग्वाल्हेरजवळ लढताना पडली. एकाच वर्षी, एकाच नावाच्या दोन बायका, दोघींपुढे तीच डलहौसीनं मांडलेली सारीपाटाची सोंगटी. परीक्षेत पोरं या दोघींची गल्लत करतात आणि अहेरीच्या बाईला घोड्यावर बसवतात. हसू येतं खरं.

पावसाळा

अटकेची तारीख बघितली की एक गोष्ट चटकन नजरेत भरते. बाबूराव पकडले गेले ते १८ सप्टेंबर १८५८ ला. त्याआधीही पावसाळ्यातच एकदा अहेरीच्या रोहिल्यांनी त्यांना भोपालपट्टणम भागात झोपेत गाठलं होतं. म्हणजे पकडण्याचे दोन्ही प्रयत्न पावसाचे, आणि मैदानातल्या तिन्ही चकमकी उन्हाळ्याच्या.

आषाढ ते भाद्रपद त्या मुलखात बाहेरची फौज हलूच शकत नाही. प्राणहिता दोन्ही थड्या सोडते, लहान नालेसुद्धा छातीभर वाहतात, गाडीचं चाक आसापर्यंत रुततं. भामरागड, सिरोंचाकडची गावं आजच्या घटकेलाही जुलै-ऑगस्टात जगापासून तुटतात आणि दर वर्षी 'पर्लकोटाला पूर, संपर्क तुटला' ही बातमी पेपरात येते. १८५८ मध्ये इंग्रजांची पलटण पावसात बाबूरावांच्या मागे जाणं शक्यच नव्हतं. त्यामुळे पावसाळा हा बाबूरावांचा हक्काचा आसरा असायला हवा होता. तो उलटला, कारण या वेळी मागावर आलेली माणसं त्याच जंगलातली होती. कोणत्या नाल्याला कुठे उतार मिळतो, कोणाच्या घरी कोण मुक्कामाला येतं, हे त्यांना माहीत होतं. मार्चमध्ये जे डोळे आणि कान बाबूरावांचे होते, त्यांतले निदान काही सप्टेंबरपर्यंत अहेरीचे झाले होते.

पहिल्या खेपेला पकडलेले बाबूराव सुटले. पकडणाऱ्या रोहिल्यांनीच त्यांना सोडून दिलं. का सोडलं, यावर कथा पुष्कळ आहेत: कुणी म्हणतं त्यांच्या बोलण्यानं विरघळले, कुणी म्हणतं जुनी ओळख निघाली. मला ते साधं वाटतं. बाबूरावांच्या दलातही रोहिले होतेच. भाडोत्री शिपायाला उद्या कोणाच्या पदरी राहायचं आहे याचा हिशेब आज ठेवावा लागतो.

दुसऱ्या खेपेला अहेरीनं तो धोका पत्करला नाही. पंगतीची कथा इथली. लक्ष्मीबाईंनी बाबूरावांना घरी बोलावलं, जेवायला बसवलं आणि बेसावध असताना शिपायांनी घेरलं. गावोगावी ती याच रूपात सांगतात, आणि फितुरीचा सगळा संताप या पंगतीवर येऊन ठेपतो. घरी आलेल्याला अन्न वाढून धरून देणं याहून मोठं पाप त्या समाजात नाही. पण या कथेत आणखी एक गोष्ट दडली आहे, तिच्याकडे सहसा कोणी बघत नाही. सरकारनं ज्यांना शोधायला आकाशपाताळ एक केलं, ते बाबूराव अहेरीचं बोलावणं आल्यावर गेले. एकदा अहेरीच्याच माणसांनी पकडल्यानंतरही गेले. का? माझ्या मते ते भोळे होते म्हणून नव्हे. वरच्या जमीनदाराचं बोलावणं आलं की खालच्यानं जायचं असतं, आणि त्या उंबऱ्याच्या आत दगा होत नसतो, ही त्यांच्या जगातली रीत होती. इंग्रजांविरुद्ध बंड करतानाही त्यांनी ती रीत मोडली नव्हती. त्यांच्याकडून मोडली गेली नाही, समोरच्याकडून मोडली गेली.

खटला, आणि अकरा दिवस

चांद्याला क्रिक्टनसमोर खटला चालला. महिनाभरात निकाल लागून शिक्षा अमलातही आली. २१ ऑक्टोबरला ज्या तुरुंगात फाशी झाली तो गोंडराजांच्या जुन्या राजवाड्याच्या जागेतच वसलेला. नीळकंठशहाला ज्या वाड्यातून काढलं, तिथेच शंभरेक वर्षांनी एका गोंड जमीनदाराचा शेवट झाला.

त्यानंतर अकरा दिवसांनी, १ नोव्हेंबर १८५८ ला, अलाहाबादेत कॅनिंगनं व्हिक्टोरिया राणीचा जाहीरनामा वाचून दाखवला. कंपनीचं राज्य संपलं, राणीचं सुरू झालं आणि बंडात सामील झालेल्यांना माफी जाहीर झाली. अकरा दिवस थांबले असते तर बाबूराव वाचले असते, असं हळहळून लिहिलेलं मी वाचलं आहे. ते बरोबर नाही. ब्रिटिश प्रजाजनांच्या खुनात ज्यांचा प्रत्यक्ष हात शाबीत झाला त्यांना त्या माफीतून वगळलेलं होतं, आणि बाबूरावांवर चिंचगुंडी होती. त्यांना फासावर नेलं ते गार्टलंड आणि हॉल यांच्या मरणानं. राजगड किंवा नांदगाव-घोसरी एवढंच असतं तर गोष्ट वेगळ्या वळणाला जाऊ शकली असती.

व्यंकटरावांकडे बघितलं म्हणजे हे पटतं. ते बस्तरात पळाले. तिथे १८६० मध्ये पकडले गेले, चांद्याला आणले गेले, खटला चालला आणि जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली. मालमत्ता जप्त. पण फाशी नाही. दोन वर्षांत सरकारचा संताप ओसरला होता, जाहीरनामा झाला होता आणि उदाहरण घालून देण्याची गरज संपली होती. बाबूराव पकडले गेले ते अगदी चुकीच्या महिन्यात.

लोकांनी ठेवलेली नोंद

फाशीचा दोर तीनदा तुटला, चौथ्यांदा लागला, तरी जीव जाईना म्हणून शेवटी चुन्याच्या खड्ड्यात टाकलं, असं सांगतात. त्यांच्या अंगी देवाचं बळ होतं, शस्त्र लागत नव्हतं. शिकलेली माणसं हे ऐकून कसनुसं हसतात. मला मात्र या कथेत एक अचूक निरीक्षण दिसतं. लोकांच्या हिशेबात इंग्रजांना बाबूरावांना मारता येत नव्हतं: लढाईत नाही, फासावर नाही. अहेरीनं दिलं नसतं तर मेलेच नसते, हेच ती कथा आपल्या भाषेत सांगते. इतिहासाच्या कागदांवरूनही निष्कर्ष याहून फार वेगळा निघत नाही.

चंद्रपूरच्या तुरुंगाच्या आवारात पिंपळ आहे. त्याच झाडाला फाशी दिली असं मानतात आणि दर २१ ऑक्टोबरला तिथे माणसं जमतात. दुर्गम गावांतून रात्रीच निघून आलेली, डोक्याला पिवळे फेटे, हातात पिवळे झेंडे, ढोल. फाटकाजवळ रांग लागते. आत सोडताना नेहमीचा गोंधळ, पोलीस, ओळखपत्रं. पिंपळापाशी हळद-कुंकू, तांदूळ, नारळ आणि 'जय सेवा'ची आरोळी. म्हाताऱ्या बायका खोडाला हात लावून तो कपाळाला लावतात. पुढाऱ्यांची भाषणं होतात, त्यांत लक्ष्मीबाईंचा उल्लेख अलीकडे टाळला जातो असं दिसतं. अहेरीचा मान त्या भागात अजून आहे आणि निवडणुकाही असतात.

हे प्रकरण कॉलेजात घ्यायचं तर मी दोन गोष्टी सुचवेन. बाबूरावांच्या बरोबरीनं व्यंकटरावांना जागा द्या. घोटमध्ये सुद्धा त्यांचं नाव विचारलं तर तरुण पोरं एकमेकांकडे बघतात. आणि रोहिल्यांचा माग काढा. बंडवाल्यांच्या बाजूनं लढलेले, अहेरीकडून बाबूरावांना पकडणारे आणि पकडून सोडून देणारे, या तिन्ही ठिकाणी तेच आहेत, आणि आपल्या कुठल्याही जयंतीत त्यांचं नाव येत नाही.

राहिली ती सदुसष्ट गावं. त्यांतल्या रयतेनं काही केलं नव्हतं. त्यांचा जमीनदार समुद्रापार गेला आणि त्यांची गावं बक्षिसात दिली गेली. पुढे ९० वर्षं त्या मुलखात जमीनदारी चालू राहिली. मध्य प्रदेशचा मालकी हक्क नष्ट करणारा कायदा १९५१ मध्ये लागू झाला, तेव्हा चांदा जिल्हा त्याच प्रांतात होता, आणि ज्यांनी बाबूरावांना दिलं त्यांची आणि ज्यांनी त्यांना साथ दिली त्यांचीही जमीनदारी एकाच दिवशी सरकारजमा झाली.